आधी खाड्यांवर पूल बांधा



सागरी महामार्गाच्या रुंदीकरणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. जो रस्ता अजून खाडीच ओलांडू शकत नाही, तो रुंद करून काय साधणार?

बॅ. अंतुले 1980 ते 82 या काळात मुख्यमंत्री असताना ही कल्पना पुढे आली. कागदोपत्री हा प्रमुख राज्य महामार्ग क्र. 4. रेवसहून मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण करत रेडीपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर. प्रत्यक्षात तो आगरदांड्याला तुटतो, बागमांडल्याला तुटतो, दाभोळला नि तवसाळला तुटतो. बागमांडल्याला सावित्रीच्या बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम तर सुरू होऊन मध्येच थांबले. अंतुल्यांचे गाव आंबेत सावित्रीकाठचेच. त्याच सावित्रीच्या मुखाशी त्यांचा रस्ता अडला!

आमचा गुहागर तालुका दोन खाड्यांच्या बेचक्यात. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी. कलमांवर रोग पडला की धाव दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे, जिल्ह्याचे काम निघाले की रत्नागिरीला. धोपाव्याच्या धक्क्यावरून समोर दाभोळची घरे दिसतात, पण शेवटची फेरीबोट चुकली की चिपळूणचा वळसा. फेरीबोटीने मोठी सोय केली, तिला नावे ठेवणार नाही. तरी हंगामात पेट्यांचा टेम्पो एका खेपेत मावला नाही, तर पुढची बोट लागेपर्यंत आंबा उन्हात तापतो.

पूल झाले की जमिनीचे दलाल येतील, असे काही जण म्हणतात. ते पुलासाठी थांबलेले नाहीत, कधीचेच येऊन बसलेत.

रुंदीकरणाने मात्र खरेच नुकसान होईल. आमच्याकडे रस्ता पडवीला खेटून जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आत नारळी-पोफळी. दोन-तीन मीटर वाढवायचे म्हटले तरी कोणाची विहीर जाते, कोणाची ओटी. आरे-वारेला पूल झाले आणि गणपतीपुळे रत्नागिरीला जवळ आले. सुट्यांतली कोंडी सोडली तर तिथे चौपदरीवाचून कोणाचे अडलेले नाही. चौपदरीकरण म्हणजे काय असते, ते मुंबई-गोवा महामार्गावर 2011 पासून आम्ही भोगतोच आहोत.

पुलांच्या निविदा निघाल्या, हे बरे झाले. आता प्रत्येक पुलाची मुदत त्या त्या धक्क्यावर फलक लावून जाहीर करावी. दाभोळ, जयगड आणि बाणकोटचे पूल वाहतुकीला खुले होईपर्यंत रुंदीकरणासाठी एक गुंठाही संपादित करू नये.

– एक बागायतदार, ता. गुहागर, जि. रत्नागिरी