आर्यमदिरामंडळ आणि दुसरे मंडळ

'एकच प्याला' वर्गात शिकवायला घेतले म्हणजे एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच, "मॅडम, सुधाकर एवढा हुशार वकील, मग त्याला एवढे साधे कळू नये?" वर्गात हशा पिकतो. त्या हशात न हसणारे दोन-तीन चेहरेही दरवर्षी असतात. गेली कित्येक वर्षे मी व्याख्यान देते ते सगळ्या वर्गाला उद्देशून. पण मनातून बोलत असते त्या दोन-तीन चेहऱ्यांशी.

हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी गेले आणि फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली. नाटकातल्या कोट्या आता मुलांना समजावून सांगाव्या लागतात, भाषा तर त्यांना पल्लेदार वाटतेच. पण सुधाकर कोणालाच समजावून सांगावा लागत नाही. त्याला सगळे ओळखतात. कोणाच्या गल्लीत तो असतो, कोणाच्या नात्यात, तर कोणाच्या घरात.

सुधाकर बुडाला का, याची उत्तरे मुले तीन देतात. पहिले, तो मनाचा कच्चा होता. दुसरे, तळीरामाने त्याला बिघडवले. तिसरे, नशीब! परीक्षेत या तिन्ही उत्तरांना गुण मिळू शकतात. व्यवहारात मात्र तिन्ही अपुरी पडतात. जो माणूस स्वतःच्या जिवावर शिकतो, वकिली मिळवतो, भर न्यायालयात मानी स्वभावाने ताठ उभा राहतो आणि त्यापायी सनद काही काळ गमावून बसतो, त्याला मनाचा कच्चा कसे म्हणावे? तळीरामाने प्याला पुढे केला हे खरे. पण प्याला पुढे केलेले सगळेच काही सुधाकर होत नाहीत. आणि नशिबाचे नाव एकदा घेतले की पुढचे बोलणेच खुंटते.

वैद्यकाचे आजचे उत्तर निराळे आहे. काही माणसांच्या बाबतीत, आनुवंशिकता, स्वभाव, मनावरचे आघात आणि भोवतालची संगत यांच्या मिळून परिणामाने, दारू मेंदूच्या कामकाजातच बदल घडवून आणते. प्यावेसे वाटणे हे मग इच्छेसारखे राहत नाही, तहानेसारखे होते. ई. एम. जेलिनेक या संशोधकाने १९६० साली दारूचे व्यसन हा आजार मानावा अशी मांडणी ग्रंथरूपाने केली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ वाद झाले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत दारूवरील अवलंबन हे निदान म्हणून नोंदलेले आहे. आजार म्हटल्याने माणसाची जबाबदारी संपते, असे मात्र कोणी समजू नये. मधुमेह झाला यात रोग्याचा दोष नसेल. पथ्य सांभाळणे मात्र त्याच्याकडेच असते.

आता प्रश्न असा की, हा आजार ओळखावा कसा? येथे मध्यमवर्गीय घरे फार फसतात. 'ते देशी पीत नाहीत', 'रोज नोकरीवर जातात', 'घरी येऊन कधी दंगा केला नाही' या तीन वाक्यांच्या आडोशाला माणसे दहा-दहा वर्षे बसून राहतात. बाटलीची किंमत, माणसाची पदवी किंवा त्याचा आवाज यांवरून व्यसन मोजता येत नाही. जॉन यूइंग या अमेरिकन डॉक्टरांनी त्यासाठी चार साधे प्रश्न तयार केले. १९८४ साली ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर वापरले गेले. आपण पिणे कमी करायला हवे, असे तुम्हाला कधी वाटले आहे का? पिण्यावरून कोणी बोलले की तुम्हाला राग येतो का? पिण्याबद्दल कधी मनाला टोचणी लागली आहे का? आणि सकाळी उठल्याउठल्या, हात स्थिर व्हावेत किंवा डोके हलके व्हावे म्हणून, कधी घोट घेतला आहे का? चारांपैकी दोन उत्तरे 'होय' आली तर डॉक्टरांकडे जाऊन नीट तपासून घ्यावे. हे निदान नव्हे, दारावरची टकटक आहे.

याखेरीज घरच्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत. पूर्वी दोन पेल्यांत जे होत असे त्याला आता चार लागतात, आणि त्याचे 'मला चढतच नाही' असे कौतुक सांगितले जाते. ठरवले एक असते, पिणे होते भलतेच. कपाटाच्या मागे, गाडीच्या डिकीत, पाण्याच्या बाटलीत दारू सापडते. रात्री काय बोललो हे सकाळी आठवत नाही. शपथा होतात आणि मोडतात. गडकऱ्यांच्या सुधाकराने रामलालला व्यसनी माणसाच्या अवस्था एकीमागून एक समजावून सांगितल्या आहेत. तो प्रवेश आज वाचताना वाटते, की रोग्याने स्वतःच आपली प्रकृती इतकी अचूक सांगावी आणि जवळ उपचार मात्र नसावा!

आणि खरोखरच तेव्हा उपचार नव्हता. सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो, कामधंदा मिळावा म्हणून जुन्या परिचितांच्या दारी जातो, तेथे त्याचा अपमान होतो, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. माझ्या मते नाटकाचा कणा तेथे आहे. त्या दुपारी त्याच्यापुढे उपदेश करणारे होते, हिणवणारे होते. ज्याने स्वतः हे भोगले आणि जो त्यातून बाहेर आला असा एकही माणूस नव्हता. त्याला ओळखणारे, आपला म्हणणारे आणि दार सदैव उघडे ठेवणारे एकच मंडळ होते. ते म्हणजे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ.

आता दुसऱ्या मंडळाची गोष्ट. नाटक आले त्यानंतर सोळा वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा गृहस्थ अमेरिकेतल्याच ॲक्रन या गावी व्यवसायाच्या कामासाठी गेला होता. दारूने त्याची पुरती धूळधाण केली होती. ती सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले. परगाव, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या एका बाजूला मद्यगृहातली हसणीखिदळणी. सुधाकराची दुपार ती हीच! पण बिलच्या मनात आले, आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटला आणि त्याच्याशी बोलता आले तर आपण वाचू. त्याने टेलिफोन फिरवायला सुरुवात केली. त्यातून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी. तेही दारूत बुडालेले. दोघे तासन्‌तास बोलत बसले. मध्ये एकदा डॉक्टरांचा पाय घसरला. त्यानंतर १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

हेही पिणाऱ्यांचेच मंडळ. पण न पिण्यासाठी जमणाऱ्यांचे. तेथे वर्गणी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या पाहू, असा हिशेब. आपल्याकडे घरोघर देवापुढे, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून जन्मभराच्या शपथा घेतल्या जातात आणि त्या मोडल्या की माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतो. त्या मानाने चोवीस तासांचा हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांतून या संघटनेच्या सभा भरतात, मराठीतूनही भरतात.

काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. वही छातीशी धरून तिने विचारले, "मॅडम, सुधाकराचे जाऊ द्या. सिंधूने काय करायला हवे होते?" प्रश्न वाङ्मयाचा नव्हता, हे तिच्या आवाजावरून कळत होते. आम्ही स्टाफरूमच्या बाहेर बराच वेळ बोललो. तेव्हा तिला जे सांगितले, ते आणि त्यानंतर जाणत्यांकडून जे शिकले ते, येथे लिहिते. कारण अशा मुली एकाच वर्गात नसतात.

सिंधूने सोसले, लोकांचे दळण दळले, शेवटी नवऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून पोलिसांपुढे स्वतःची जखमही लपवली. प्रेक्षागृहे तिच्यासाठी रडली. पण लपवण्याने व्यसन वाचते, माणूस वाचत नाही. कचेरीत 'ताप आहे' असा निरोप देणे, उधारी फेडणे, सांडलेले पुसून सकाळी काहीच झाले नाही असे वागणे, ही मायाच असते. पण तिच्यामुळे पिणाऱ्याला आपल्या पिण्याचा परिणाम दिसेनासा होतो. तेव्हा हे थांबवावे. चढलेली असताना वाद घालू नये. बोलायचे ते सकाळी, शुद्धीवर असताना, थोडक्यात आणि घडलेल्या गोष्टींविषयी: 'काल मुलीच्या वाढदिवसाला तुम्ही जेवणाच्या ताटावर झोपलात', एवढेच. 'तुम्ही असेच आहात' हे वाक्य टाळावे. आणि मारहाण होत असेल तर सहनशीलतेचे कौतुक बाजूला ठेवून आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यावे. कायदा तुमच्या बाजूने आहे. घरच्या माणसांसाठीही स्वतंत्र गट आहेत. 'अल-अनॉन' ही संघटना १९५१ साली याच कामासाठी निघाली. पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी मदत घ्यायला सुरुवात करावी. पुष्कळदा बदलाचा पहिला धागा तेथूनच सुटतो.

दोन धोके मात्र मुद्दाम सांगायला हवेत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरात कोंडून एकाएकी दारू तोडणे जिवावर बेतू शकते. हातापायांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस नसलेले पाहू-ऐकू लागतो. ही भुताटकी नव्हे; तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ आहे. पाच-सात दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व दिले तर हा काळ बहुतेक वेळा सुखरूप पार पडतो. दुसरा धोका 'त्यांच्या नकळत जेवणातून द्या' अशा पुड्यांचा. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. दारूशी वैर असलेले डायसल्फिरामसारखे औषध रोग्याला न सांगता दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर येते. हेच औषध रोग्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले तर उपयोगाचे. ओढ कमी करणारी दुसरीही औषधे आता आहेत.

मग जायचे कोठे? आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा आधार होता. गर्दच्या विळख्यातून तरुणांना सोडवण्यासाठी निघालेल्या त्या संस्थेने दारूत सापडलेल्यांनाही जवळ केले. तेथे रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट आहे आणि व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा विभागही आहे. होय, स्त्रियांसाठी. त्यांचे पिणे घराने अधिक लपवलेले असते, म्हणून मदतही त्यांना अधिक उशिरा मिळते. मुक्तांगण लांब पडत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागात जावे. टेलिफोनवरून मोफत सल्ला हवा असेल तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत. खाजगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. डॉक्टर नियमित येतात का, नोंदणी आहे का, नातेवाइकांना भेटू देतात का, हे विचारावे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या रुग्णालाही लागू आहे. त्याला साखळीने बांधणे हा गुन्हा आहे, उपचार नव्हे.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे आढळले, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले आहेत. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालले असेल? शपथा, पुड्या, अंगारे, भांडणे आणि बंद दारे.

आणि उपचारानंतर पुन्हा पाय घसरला तर? घसरतो, पुष्कळांचा घसरतो. डॉ. बॉबसारख्यांचाही घसरला. त्या दिवशी 'आम्हाला ठाऊकच होते' असे म्हणणाऱ्या नातेवाइकापेक्षा 'चल, उद्या पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ' असे म्हणणारा शेजारी बरा. बाहेर आलेल्या माणसाला काम हवे असते, आणि कामापेक्षाही आपल्यावर कोणी विश्वास टाकतो आहे ही जाणीव. सुधाकराला नेमके तेवढेच मिळाले नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचा वास असेल. अलीकडे चकलीच्या ताटलीशेजारी पेले मांडण्याचीही चाल पडते आहे. त्या बैठकीत कोणी 'मला नको' म्हणाला तर त्याला 'एकच घे रे!' असा आग्रह करू नका. तो कदाचित त्याचा चाळिसावा दिवस मोजत असेल. आणि भाऊबीजेला माहेरी आलेली बहीण हसता हसता मध्येच गप्प झाली, तर ओवाळणी ताटात टाकून मोकळे होऊ नका. तिला स्वयंपाकघरात एकटे गाठा आणि विचारा. ती पहिल्यांदा 'काही नाही' म्हणेल. थोडे थांबून पुन्हा विचारा.