चुकलेली नजर परतते का?

सायंकाळच्या सामायिकानंतर घरातील आजोबा स्वाध्यायासाठी ग्रंथ उघडतात. पूर्वी अर्ध्या तासात वाचून होणाऱ्या प्रकरणाला आता तास लागतो. एखादी ओळ दोनदा वाचली जाते, मध्येच मागील पानाकडे वळावे लागते. घरातील मंडळी म्हणतात, ‘वयोमानाप्रमाणे हे होणारच.’ बहुतेक वेळा हे खरे असते. मात्र काही वेळा या एका वाक्याखाली विकाराची सुरुवात झाकली जाते आणि उपचाराचा काळ निघून जातो. भारतातील २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अनुमानानुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. वयाचा साधा परिणाम कोणता आणि विकार कोणता, हे लवकर ओळखण्याचा एक मार्ग संशोधक डोळ्यांच्या हालचालींत शोधत आहेत.

तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या जाणण्याचा विचार करताना चक्षू आणि मन या दोघांना इतरांपासून वेगळे काढले आहे. विषयाला स्पर्श न करता ही दोन्ही जाणतात, असे टीकाकार सांगतात. तो विचार ज्ञानमीमांसेचा आहे, वैद्यकाचा नाही. तरीही चक्षू आणि मन यांचे सख्य आधुनिक प्रयोगशाळेतही निराळ्या रीतीने प्रत्ययास येते.

वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकते, असे आपणास वाटते. प्रत्यक्षात ती झेपा घेत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच नेत्रवैद्य एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांमुळे ही गोष्ट अभ्यासकांसमोर आली. एका शब्दावर नजर साधारण पाव सेकंद थांबते आणि पुढच्या ठिकाणी उडी घेते. उडी चालू असताना स्पष्ट असे काही दिसत नाही. जे वाचले जाते, ते थांबण्याच्या क्षणी. पुढची उडी कोठे घ्यायची, मागे वळायचे की पुढे जायचे, हा निर्णय मेंदूचा असतो. म्हणूनच नजरेच्या वाटेत मनाच्या कामाची खूण उमटते.

ही वाट टिपण्यासाठी आरंभीच्या काळात डोळ्यावर बारीक टोपी बसवून तिला काटा जोडण्यापर्यंत अभ्यासकांची मजल गेली होती. आता डोळ्याला काहीही लावावे लागत नाही. पडद्याजवळ ठेवलेला दिवा डोळ्याकडे सौम्य अवरक्त प्रकाश सोडतो. त्याचा बिंदू डोळ्याच्या पारपटलावर चमकतो. हा बिंदू आणि बाहुलीचा मध्य यांतील अंतर कॅमेरा सेकंदाला शेकडो वेळा टिपतो आणि त्यावरून नजर कोठे आहे ते संगणक काढतो. सुई नाही, वेदना नाही; पडद्यासमोर काही मिनिटे बसणे एवढेच काम.

या पद्धतीने घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक विशेष बोधप्रद आहे. टोरांटो विद्यापीठातील पीटर हॅलेट यांनी १९७८ साली ती मांडली. पडद्याच्या मध्यभागी एक ठिपका असतो. अचानक डावीकडे किंवा उजवीकडे प्रकाश दिसतो. सूचना एवढीच असते, की प्रकाशाकडे पाहायचे नाही; त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला पाहायचे. ऐकताना सोपे वाटणारे हे काम करताना कठीण जाते, कारण नव्याने चमकलेल्या वस्तूकडे वळणे हा डोळ्यांचा उपजत स्वभाव आहे. तो आवरायचा, सूचना ध्यानात ठेवायची आणि मग रिकाम्या जागेकडे जाणीवपूर्वक पाहायचे, अशी तीन कामे निमिषार्धात करावी लागतात. तरुण, निरोगी माणसांचीही यात काही वेळा चूक होते.

हा आवर मेंदूच्या कोणत्या भागाकडे असतो, याचा पुरावा माँट्रिअल येथून मिळाला. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूच्या कपाळामागील खंडाचा काही भाग काढावा लागला होता, अशा रुग्णांची हीच चाचणी घेण्यात आली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, या रुग्णांना प्रकाशाकडे धावणारी नजर रोखणे फार अवघड जाते, असे दिसून आले.

वाढत्या वयात या चाचणीत दोन बदल दिसतात. नजर निघण्यास उशीर लागतो आणि चुकाही वाढतात. परंतु निरोगी ज्येष्ठाची नजर प्रकाशाकडे गेली, तरी बहुधा क्षणात परत फिरते. चूक त्याच्या ध्यानात येते आणि कोणी न सांगता तो ती सुधारतो. अल्झायमर झालेल्या व्यक्तींच्या चुका अधिक असतातच. शिवाय त्यांपैकी पुष्कळ न सुधारता तशाच राहतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे नजर चुकली का, याबरोबरच ती परतली का, हेही पाहावे लागते.

प्रतिक्रमण करणाऱ्या श्रावकास हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे परतणे असा आहे. दोष घडणारच नाही, असा दावा त्यात नसतो; घडलेल्या दोषाची जाणीव ठेवून स्वस्थानी येणे अपेक्षित असते. प्रयोगशाळेतील परतणे हे मेंदूचे कार्य आहे, धर्माचरण नव्हे. पण या तुलनेतून ज्येष्ठांना एक दिलासा मिळतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरून नंतर आठवणे आणि चष्मा हरवल्याचे भानच न उरणे, या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत.

भारतासारख्या देशात या पद्धतीचे आणखी एक मोल आहे. स्मरणशक्तीच्या कागदी चाचण्यांत लिहिणे, आकडेमोड करणे, आकृती काढणे अशी कामे असतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला त्यांत कमी गुण मिळाले, तर तो दोष स्मृतीचा की शिक्षणाच्या अभावाचा, हा प्रश्न उरतो. प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला पाहण्यासाठी अक्षरओळख लागत नाही.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. ती अद्याप मुख्यत्वे संशोधनातच वापरली जाते. मोतीबिंदू, सैल पडलेली पापणी, चष्म्याच्या काचेवरील चकाकी यांमुळे मोजमाप बिघडू शकते. झोपेच्या गोळ्यांनी नजर मंदावते. एका दिवसाची शिल्लक पाहून खात्याचा व्यवहार कळत नाही. त्यासाठी वर्षभराच्या नोंदी पाहाव्या लागतात. तसेच एका चाचणीवरून कोणावरही रोगाचा शिक्का मारू नये. इतर तपासण्या आणि वेळोवेळी केलेली तुलना यांच्या जोडीनेच तिला अर्थ येतो.

यंत्र घरी येईपर्यंत कुटुंबाने थांबण्याचे कारण नाही. विस्मरणाच्या काही कारणांवर उपाय आहे. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यांपैकी एक. शाकाहारी घरात दूध-दही हाच त्याचा मुख्य नैसर्गिक स्रोत. उतारवयात तो आहार घटतो, शोषणही मंदावते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक आढळते. थायरॉइडची मंदता, नैराश्य, कमी ऐकू येणे यांमुळेही माणूस विसराळू भासू शकतो. साध्या रक्ततपासणीने आणि कानांच्या तपासणीने यांतील बरेच काही कळते.

म्हणून एकच बिल दोनदा भरले जाऊ लागले, नेहमीच्या मंदिराची वाट चुकू लागली, तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारला जाऊ लागला, तर ‘वयोमानाप्रमाणे’ हा शब्द बाजूला ठेवावा आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. ज्येष्ठांना चारचौघांत हटकू नये. लाजेपोटी ते लपवू लागतात आणि निदान आणखी लांबते. ज्याला स्वतःची चूक उमगते त्याला धीर द्यावा. ज्याला ती उमगत नाही, त्याच्यासाठी घरातील इतरांची नजर जागी असावी.