तळपायावरचा काळा डाग

उन्हाने त्वचा का रापते, याची पेशींच्या पातळीवरची उकल ज्या संशोधनातून झाली, त्यात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शास्त्रज्ञ डेव्हिड फिशर यांचा वाटा मोठा आहे. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा झाली, की पी-५३ हे रक्षक प्रथिन एका संप्रेरकाची निर्मिती सुरू करते आणि त्याचा संदेश मिळताच शेजारच्या रंगपेशी मेलॅनिन, म्हणजे त्वचेचे काळसर रंगद्रव्य, वाढवू लागतात, असे त्यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. याच रंगपेशींच्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर येथील १,६२१ प्रौढांच्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात मेलॅनोमाचे ११, तर दुसऱ्या गटात २२ रुग्ण आढळले. मात्र हा निष्कर्ष गोऱ्या त्वचेच्या समाजातला आहे.

कर्नाटकच्या सीमाभागातील भालकी, औराद किंवा आळंदच्या शिवारात तुरीच्या पिकात दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या सावळ्या कातडीत मेलॅनिनचे संरक्षण जन्मतःच भरपूर असते, आणि म्हणूनच भारतात मेलॅनोमा दुर्मीळ आहे. जो होतो तो मात्र बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसे पोहोचत नाही. फिशर यांच्या गटाने २०१२ मध्ये तांबूस रंगद्रव्याच्या उंदरांत अतिनील किरणांवाचूनही मेलॅनोमा उद्भवतो, असे दाखवले होते. तळपायाच्या रोगाचे कारण तेच आहे असे त्यावरून ठरत नाही, पण प्रत्येक मेलॅनोमा उन्हाच्याच माथी मारता येत नाही, एवढे निश्चित होते. तळपायाच्या गाठींतील जनुकीय बदलांवर अतिनील किरणांची खूण क्वचितच दिसते आणि चालताना वारंवार पडणारा दाब व इजा यांवर अभ्यासकांचा संशय आहे.

अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायावरचा काळा डाग भोवरी, कुरूप किंवा मोडलेला बाभळीचा काटा म्हणून सोडून दिला जातो, कोणी तो ब्लेडने कोरतो, आणि गाठ खोल रुजत जाते. मेलॅनोमात खोलीलाच सर्वाधिक महत्त्व असते, कारण पातळ गाठ शस्त्रक्रियेने समूळ निघू शकते, तर लसिकाग्रंथींपर्यंत पसरलेली गाठ जिवावर बेतते. हा विलंब टाळता येण्याजोगा आहे, हीच त्यातली सर्वांत वेदनादायक बाब होय.

सनस्क्रीनच्या जाहिराती सीमाभागातही पोहोचल्या आहेत; तळपाय पाहण्याचा सल्ला तेथे पोहोचायला हवा, आणि तोही कन्नडबरोबर मराठीत. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग शोधले जातात आणि मधुमेहींचे पाय पाहणे हा तर उपचाराचाच भाग असतो. त्याच वेळी प्रत्येकाचे तळपाय व नखे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. पसरत जाणारा, वेड्यावाकड्या कडांचा किंवा न भरणारा डाग, तसेच रुंद होत नखाबाहेरच्या कातडीवर उतरणारी काळी रेघ दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राने तो रुग्ण बिदर वा कलबुर्गीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावा, आणि तुकडा काढून तपासल्याशिवाय तेथे कोणीही डाग जाळू वा खरवडू नये.