उपचाराचं उद्दिष्ट मुलाच्या दिवसात शोधा

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असलेलं मूल बहुधा ‘वांड’ ठरतं आणि शाळेने तगादा लावला तरच डॉक्टरपर्यंत पोचतं. मग उपचाराकडून मागणी एकच राहते: पोराने एका जागी बसावं. ही मागणी अपुरी आहे आणि अन्यायाचीही. शांत बसण्याने वर्गाची सोय होते. पण मुलाचा गृहपाठ पुरा होतो का, त्याला मित्र टिकतात का, घरात रोज मार खाणं थांबतं का, हे त्यातून कळत नाही. शिवाय अनेक मुलींमध्ये हा विकार धावपळीपेक्षा हरवलेपणातून दिसतो. त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणी त्यांना दवाखान्यात नेतही नाही. शांतता हेच उद्दिष्ट धरलं, तर या मुली कायमच्या उपचाराबाहेर राहतील.

अमेरिकेत 7 ते 9 वर्षांच्या 579 मुलांवर झालेला मोठा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. 14 महिन्यांत चंचलता आणि बेध्यानपणा कमी करण्यात नीट देखरेखीखालचं औषध वर्तन-उपचाराहून सरस ठरलं. नेहमीच्या डॉक्टरांकडे सोपवलेल्या गटातही सुमारे दोन तृतीयांश मुलांना औषध मिळत होतंच, तरी त्यांची सुधारणा कमी पडली. मात्रेत फरक होता हे खरं. पण देखरेखीच्या गटात दरमहा भेट होत होती आणि शिक्षकांचं म्हणणं विचारात घेऊन औषध बदललं जात होतं. घरातले संबंध, मित्रांशी वागणं, वाचन यांत मात्र नुसत्या औषधाला वर्तन-उपचारावर ठळक आघाडी मिळाली नाही. म्हणून ‘गोळी चालू आहे ना’ हा प्रश्न पुरेसा नाही. दोन-तीन उद्दिष्टं ठरवावीत, तीही कुणालाही मोजता येतील अशी: आठवड्यातून चार रात्री दप्तर स्वतः भरणं, गणिताचा गृहपाठ दोन टप्प्यांत संपवणं, मधल्या सुट्टीत मारामारी न होणं. महिन्याने ती तपासावीत, गाठली गेली तर नवी घ्यावीत.

खेड्यात तज्ज्ञच नाहीत, तिथे उद्दिष्टांची चैन कशाला, असं कुणी म्हणेल. उलट, डॉक्टर जितका दूर तितकं कागदावरचं उद्दिष्ट गरजेचं. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं असतं. (ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल या भेटीतही सुटू शकतं, याची काळजी वेगळी घ्यायला हवी.) दोन भेटींमधले महिने शिक्षक आणि पालकांचेच असतात. भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून अहवाल मागणं रास्त नाही. वहीच्या कडेला रोजची एक खूण पुरते. औषधाला घाबरणाऱ्या पालकांची शंकाही रास्त आहे. भूक मंदावते, झोप उडू शकते. पण उद्दिष्ट ठरलेलं असलं की औषध कामाचं आहे की नुसता त्रास देतंय, हे पालकांनाही ताडता येतं आणि बदल मागता येतो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर पालकांचं प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानला जातो.

मोठ्या माणसांत हा विकार लहानपणापासूनच चालत आलेला असतो, पण त्याला आळस किंवा बेफिकिरी म्हटलं जातं. कर्जाचा हप्ता विसरणं, रागाच्या भरात काम सोडणं, दुचाकी बेदरकार हाकणं यांतलं आधी काय सुधारायचं, हे बायकोने किंवा वडिलांनी ठरवून चालणार नाही. ते त्या माणसाने स्वतः सांगायला हवं, कारण रोज त्यासाठी झटायचं त्यालाच आहे.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना केसपेपरवर एक ओळ लिहायला सांगा: महिनाभराने काय बदललेलं दिसलं पाहिजे? दवाखाना दूर असेल, तर पहिला सल्ला केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळतो, तोही मराठीत.