बाबा, ह्यांचं घर कुठंय?

चार-पाच वर्षांचं मूल मागच्या सीटवर असेल आणि गाडी सिग्नलला थांबली, तर एक प्रश्न हमखास येतो. "बाबा, ह्यांचं घर कुठंय?" पुढच्या नव्वद सेकंदांत आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या, पगारदार आईबापांची जी तंतरते, ती बघण्यासारखी असते.

आपल्याकडे ह्या प्रश्नाची साधारण तीन तयार उत्तरं आहेत. पहिलं, "अभ्यास केला नाहीस ना, तर तुझंही असंच होईल." दुसरं, "बघ, तुला सगळं मिळतंय, आणि तू डब्यातली भाजी तशीच परत आणतोस!" आणि तिसरं, सगळ्यात लोकप्रिय... काच वर, एसी चालू आणि "ए, तो बघ केवढा मोठा जेसीबी!"

मला ही तिन्ही उत्तरं चुकीची वाटतात. नुसती अपुरी नाही, चुकीची.

पहिल्यात कारण आणि परिणाम उलटे जोडलेत. फुटपाथवरची मुलगी अभ्यास केला नाही म्हणून तिथं आलेली नाही; ती तिथं आहे म्हणून तिचा अभ्यास होत नाहीये. शिवाय आपण मुलाला नकळत सांगतो की ह्या लोकांनी काहीतरी गुन्हा केलाय आणि ही त्याची शिक्षा आहे. दुसऱ्या उत्तरात ती मुलगी माणूस राहतच नाही, आपल्या पोराला भाजी खायला लावायचं साधन होते. आणि तिसरं? तिसऱ्यात आपण मुलाला न बघायला शिकवतो. पाच वर्षांचं मूल विचारतं, दहा वर्षांचं विचारत नाही. आपण म्हणतो, आता समज आली. समज कसली डोंबलाची! आपणच रोज थोडी थोडी करून त्याची नजर मारलेली असते.

बरं, मग सांगायचं काय? त्यासाठी आधी आपल्याला माहीत हवं ना!

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली. बेघर म्हणजे उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या सिमेंटच्या पाइपात, रेल्वे प्लॅटफॉर्मवर, देवळाच्या आवारात राहणारी. झोपडपट्टी ह्यात धरलेली नाही, कारण झोपडीला निदान छप्पर असतं. २००१ च्या तुलनेत खेड्यांतला आकडा कमी झाला, शहरांतला मात्र वाढून ९ लाख ३८ हजारांवर गेला. महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर, त्यात एकट्या मुंबईत ५७ हजारांहून जास्त. आणि ही मोजणी फेब्रुवारीच्या एका रात्रीत केलेली. ज्याच्या दाराला नंबर नाही तो त्या रात्री गणकाला सापडलाच असेल असं नाही, त्यामुळे हा आकडा कमीतकमी समजायचा.

ही माणसं करतात काय? बरीचशी काम करतात. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीला, मध्यरात्रीनंतर, फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. ही कुटुंबं अमरावतीकडून बांधकामाच्या कामासाठी आली होती. म्हणजे बघा, घरं बांधायला आलेली माणसं उघड्यावर झोपली होती. वाघोली, हिंजवडी, वाकड इथल्या बाराव्या मजल्यावरून खाली बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी ह्या वाक्यावर जरा थांबायला हरकत नाही.

मूल पाच वर्षांचं असेल तर त्याला हे अपघाताचं सांगायचं नाही, उघड आहे. पण "ते काम करतात, आणि कामाच्या पैशात इथलं भाडं परवडत नाही" हे एक वाक्य त्याला नीट कळतं. खरं आहे, सोपं आहे आणि कुणाचा अपमान करत नाही.

आता पुढचा प्रश्न, घर म्हणजे काय? ह्यात मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. दोन खुर्च्यांवर चादर टाकली की त्यांचं घर तयार. भातुकलीत भिंती नसतात, असतात ती भांडी, खोटा खोटा चहा आणि "तू आई, मी बाबा". त्यामुळे "घर म्हणजे चार भिंती नव्हेत, घर म्हणजे माणसं" हे आपलं आवडतं वाक्य मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

पण ह्या वाक्यात एक गोची आहे. ते आपण फारच सहज बोलतो, आणि बोलून मोकळे होतो. फुटपाथवरच्या आईचंही मुलावर प्रेम असतं, तीही तीन दगडांवर भात शिजवते. मग ते झालं का घर? नाही झालं. नुसत्या प्रेमानं पाऊस थांबत नाही.

मला विचाराल तर मुलाला सांगण्यासारखी घराची व्याख्या अशी: घर म्हणजे आपल्या वस्तू ठेवून जाता येण्याची जागा. तुझं दप्तर, तुझी खेळण्यांची टोपली तू ठेवून जातोस आणि परत आल्यावर ती तिथंच असते. फुटपाथवरच्या मुलाला असं जाता येत नाही. कुणीतरी कायम सामानाजवळ बसावं लागतं, नाहीतर चोर नेतो किंवा महापालिकेची गाडी उचलते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आतून लावायची कडी. आंघोळ करताना, कपडे बदलताना, रात्री झोपताना नको त्या माणसाला बाहेर ठेवता येणं. हे पाच वर्षांच्या मुलीलाही पटकन कळतं, कारण बाथरूमची कडी स्वतः लावायला ती नुकतीच शिकलेली असते.

जरा मोठ्या मुलाला मराठीतले शब्दच दाखवावेत. बिऱ्हाड, खोली, पाल, कोपी. ऊसतोड कामगारांचं गावी, बीडकडे वगैरे, घर असतं, पण हंगामाचे पाच-सहा महिने अख्खं कुटुंब फडाजवळच्या कोपीत राहतं. त्या मुलाला घर आहे का? आहे. आत्ता आहे का? नाही. म्हणजे घर असणं आणि नसणं ह्याच्या मध्ये बरंच काही असतं. आपला चहा ज्या साखरेनं गोड होतो, तिच्यामागे अशी कितीतरी बिऱ्हाडं आहेत.

आणि पत्ता! आम्ही सॉफ्टवेअरवाले फॉर्म बनवतो तेव्हा पत्त्याच्या रकान्याला लाल चांदणी लावतो. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्याला पत्ता नाही तो रेशनकार्ड, बँक, नोकरी, सगळीकडे त्या लाल चांदणीपाशी अडतो. शिक्षण हक्क कायद्यानं, २००९ च्या, वयाचा दाखला नाही म्हणून शाळाप्रवेश नाकारता येत नाही. कायदा चांगला आहे, पण ज्यांना तो माहीत असायला हवा त्यांच्यापर्यंत तो पोचवणार कोण?

ह्या सगळ्यातून एक प्रश्न येतोच. "मग आपलं घर पण जाईल का?" इथं "छे छे, असं काही नसतं" म्हणून उडवून लावू नये. (आपलं घर अजून अठरा वर्षं बँकेचं आहे, हेही लगेच सांगायची गरज नाही!) सांगायचं ते एवढंच: आपल्याकडे काम आहे, आजी-आजोबा आहेत, काका-मावशी आहेत, शेजारी आहेत. एक आधार गेला तर दुसरा असतो. ज्यांचे सगळेच आधार एकामागून एक तुटतात, ती माणसं रस्त्यावर येतात. मूल घाबरत नाही, आणि आपण फार हुशार म्हणून घरात आहोत असा त्याचा गैरसमजही होत नाही.

काही लोक म्हणतील, लहानपण आहे, कशाला ह्या वयात हे? पण त्यानं तर बघितलेलं आहे. प्रश्न त्यानंच विचारलाय.

आणि कृती? वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जायची फॅशन आहे. हेतू चांगला असतो, मान्य. पण तिथल्या मुलांनी रांगेत उभं राहून अनोळखी पोरासाठी टाळ्या वाजवायच्या आणि आपण फोटो काढायचे, ह्यात आपलं मूल काय शिकतं? देणारे आपण, घेणारे ते, एवढंच. त्यापेक्षा सोसायटीच्या बांधकामावरच्या मुलांशी खाली उतरून क्रिकेट खेळू दे. नाव विचारू दे, नाव सांगू दे. आणि १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीचा मोफत फोन नंबर पाठ करू दे.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला गणितही घालता येईल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता, दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक कायमचा निवारा. आपल्या शहराची लोकसंख्या किती, मग निवारे किती हवेत, आणि आहेत किती? शोध म्हणावं. आणि १९८५ चा ओल्गा टेलिस खटलाही सांगावा. मुंबईच्या फुटपाथवरची माणसं हटवण्यावरून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं मान्य केलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण नोटीस देऊन फुटपाथ मोकळा करायचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हे बरोबर झालं का? जेवताना वाद घालायला उत्तम विषय. मुलं आपल्याला हरवतील, तयारी ठेवा.

थोडक्यात काय, उत्तर परिपूर्ण नसलं तरी चालेल. पण खरं द्या, आणि देताना काच खाली असू द्या.