खेळाडूंचा बाजार

जानेवारी महिना उजाडला की मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक निराळाच बाजार भरतो. इंग्लंडातील फुटबॉल क्लबांस खेळाडूंची देवघेव करण्यास वर्षातून दोनदाच मुभा असते, एकदा उन्हाळ्यात व एकदा जानेवारीत. त्या अवधीत अमका क्लब ब्राझीलच्या तमक्या खेळाडूवर डोळा ठेवून आहे, त्याचा सौदा इतक्या कोटींस ठरला, अशा वार्ता मुले तासातासाला मोबाइलवर वाचतात. सरळव्याजात अडखळणारे विद्यार्थी पौंडांचे रुपये मात्र क्षणात करून दाखवितात, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

या आवया उठवितो कोण? पुष्कळदा खेळाडूचा दलालच. दुसरे गिऱ्हाईक उभे आहे असे भासविले की पगार वाढवून मागता येतो. कधी रुसलेल्या चाहत्यांची समजूत घालण्यासाठी क्लबच. मुलांस एवढे उमगले तरी निम्म्या वार्ता ती ऐकून सोडून देतील. परंतु आमची खरी तक्रार निराळी आहे. 'घेतला', 'विकला', 'काढून टाकला' ही क्रियापदे माणसांविषयी आमच्या मुलांच्या जिभेवर फार सहज बसली आहेत. वडिलांची बदली झाल्यामुळे यंदा एक मुलगा नववीत दाखल झाला. तो गोलरक्षक आहे असे कळताच मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कितीला मिळाला?" वर्ग हसला. तोही हसला, पण जरा उशिराने. उपऱ्याशी कसे वागावे याविषयी पवित्र शास्त्रात स्पष्ट आज्ञा आहे. ती त्या तासाला आम्हांसही सुचली नाही.

२०१७ साली पॅरिसच्या क्लबाने नेमारसाठी २२ कोटी २० लक्ष युरो मोजले, हे आमच्या मुलांस तोंडपाठ आहे. ओस्वाल्डो आर्डिलेस व रिकी व्हिला ही नावे मात्र त्यांच्यापैकी एकासही ठाऊक नव्हती. १९३१ पासून इंग्लंडात परदेशी खेळाडूंवर दोन वर्षांच्या वास्तव्याची अट होती. ती १९७८ साली उठली. त्याच वर्षी अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, आणि टॉटनहॅम हॉटस्परचे व्यवस्थापक कीथ बर्किनशॉ यांनी थेट तो देश गाठून विजयी संघातील हे दोघे आणले. १९८१ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात व्हिलास खेळ चालू असतानाच बाहेर बोलाविले गेले. तो डोळे भरून मैदानातून गेला. सामना बरोबरीत सुटला. पाच दिवसांनी तो पुन्हा खेळविण्यात आला, तेव्हा मँचेस्टर सिटीविरुद्ध व्हिलाने दोन गोल केले व दुसऱ्याने चषक जिंकून दिला.

पुढल्याच वर्षी, २ एप्रिल १९८२ रोजी, अर्जेंटिनाचे सैन्य फॉकलंड बेटांवर उतरले. दुसऱ्या दिवशी चषकाचा उपान्त्य सामना होता. चेंडू आर्डिलेसच्या पायाशी आला की विरुद्ध बाजूचे प्रेक्षक त्याची हुर्यो करीत. त्या युद्धात त्याचा वैमानिक चुलतभाऊ मारला गेला. ज्या देशात आपण भाकर मिळवितो त्या देशाच्या व आपल्या मातृभूमीच्या तोफा एकमेकींवर रोखलेल्या असताना मनाची काय अवस्था होत असेल, याचा आकडा कोणत्याही सौद्यात लिहिलेला नसतो. अंतिम सामन्यास व्हिला मैदानात उतरला नाही. आर्डिलेस पॅरिसला गेला. पण १९८३ साली तो त्याच टॉटनहॅमला, त्याच लोकांत परत आला आणि १९८८ पर्यंत राहिला.