साथरोगकाळातील अस्थिशस्त्रक्रिया : नवापूर-बोईसर परिसर

संसर्गजन्य रोगाची साथ चालू असताना हाडे व सांधे यांच्या शस्त्रक्रियेची गरज असलेल्या रुग्णांची निवड, तपासणी, शस्त्रक्रिया आणि नंतरची देखभाल सुरक्षितपणे करण्याच्या पद्धतीस साथरोगकाळातील अस्थिशस्त्रक्रिया व्यवस्थापन असे म्हणता येईल. कोविड-१९ च्या साथीत हा विषय विशेषत्वाने पुढे आला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार पालघर जिल्ह्यातील नवापूर आणि बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात केला आहे. हे नवापूर नंदुरबार जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याहून वेगळे आहे.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे म्हटले. महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग कायदा लागू करण्यात आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना रुग्णालयांना केली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. साथीच्या तीव्रतेच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबणीवर पडतील, असा अंदाज एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने वर्तविला होता.

स्थानिक परिस्थिती

नवापूर हे बोईसरच्या पश्चिमेस अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील गाव आहे. पूर्वेकडे तारापूर औद्योगिक वसाहत असून तेथे रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. यंत्रात हात सापडणे, उंचावरून पडणे, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अपघात आणि वृद्धांचे घरातल्या घरात पडणे ही अशा भागातील अस्थिभंगाची नेहमीची कारणे होत. यांपैकी कारखाने व वाहतूक बंद राहिल्यास पहिली कारणे कमी होतात. वृद्धांचे पडणे मात्र टाळेबंदीने थांबत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील अनेक रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईकडे किंवा गुजरातमधील वापी-वलसाडकडे जातात. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत असली, तरी मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि जूनमध्ये केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी पुन्हा सुरू झाली. त्यामुळे या परिसरात रुग्णालयातील संसर्गाइतकाच रुग्णालयापर्यंतचा प्रवास हाही सुरक्षिततेचा प्रश्न ठरला.

तातडीचा क्रम

रुग्णांचे सर्वसाधारणपणे तीन गट पाडले जातात. उघडी जखम असलेला अस्थिभंग, रक्तवाहिनीची इजा, सांध्यातील पू आणि मणक्यावरील दाबामुळे येणारी अपंगत्वाची लक्षणे यांना थांबता येत नाही. खुब्याच्या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी लागते. वृद्ध रुग्ण अंथरुणास खिळला की न्यूमोनिया, शय्याव्रण व पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गुडघा किंवा खुबा बदलण्याची नियोजित शस्त्रक्रिया लांबवता येते. मात्र लांबवणे हाही एक वैद्यकीय निर्णयच असून त्याची किंमत वेदना, औषधे आणि बुडालेली मजुरी या रूपाने रुग्णास मोजावी लागते.

धोक्याचे स्वरूप

मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ देशांतील १,१२८ रुग्णांची नोंद होती. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविडची बाधा झालेल्या या रुग्णांपैकी २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले. सुमारे १ लाख ४० हजार रुग्णांच्या नंतरच्या अभ्यासात संसर्गानंतर ७ आठवडे थांबल्यास मृत्यूचे प्रमाण बाधा न झालेल्यांच्या पातळीवर येते, असे आढळले. लक्षणे कायम असलेल्यांना मात्र याहून अधिक काळ थांबणे हिताचे ठरते. हा नियम नियोजित शस्त्रक्रियांना लागू पडतो. मोडलेल्या खुब्यास सात आठवडे थांबवता येत नाही.

धोका शल्यचिकित्सकांनाही असतो. वुहानमधील ८ रुग्णालयांत २६ अस्थिशल्यचिकित्सक बाधित झाल्याचे २०२० मध्ये नोंदविले गेले. करवत, ड्रिल आणि दाबाच्या पाण्याने जखम धुणे यांमुळे रक्ताचे व ऊतींचे सूक्ष्म कण हवेत उडतात. श्वासनलिकेत नळी घालताना रोग्याच्या श्वासातील कण पसरतात.

सुरक्षित पद्धती

शस्त्रक्रियेपूर्वी आरटी-पीसीआर चाचणी करावी. तातडीच्या प्रसंगी अहवालाची वाट न पाहता रुग्ण बाधित आहे असे गृहीत धरून शस्त्रक्रिया करावी. शक्य तेथे पूर्ण भुलीऐवजी कण्यातून भूल द्यावी. शस्त्रक्रियागृहात आवश्यक तेवढीच माणसे असावीत आणि भूल देताना इतरांनी बाहेर थांबावे. एन-९५ मुखपट्टी व चेहऱ्यावर ढाल वापरावी. यंत्रांचा वेग कमी ठेवावा आणि धूर शोषून घ्यावा. बाधित व अबाधित रुग्णांचे मार्ग व कक्ष वेगळे असावेत.

घरी परतल्यावरच्या फेऱ्या कमी करणे हे नवापूरसारख्या गावासाठी विशेष महत्त्वाचे ठरते. विरघळणारे टाके घातल्यास ते काढण्यासाठी प्रवास करावा लागत नाही. साधे अस्थिभंग शस्त्रक्रियेविना प्लास्टरवर बरे होत असतील तर तोच मार्ग निवडता येतो. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. जखमेचे छायाचित्र व व्यायामाची पाहणी त्यामुळे दुरूनही शक्य झाली. पण बधिर पडलेली बोटे किंवा वाढती सूज प्रत्यक्षच तपासावी लागते.

साथीनंतरचे परिणाम

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये कोविडनंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडवरील उपचारात त्यांना स्टिरॉइड मिळाले होते आणि सरासरी ५८ दिवसांत लक्षणे दिसली. बरे झालेल्या रुग्णाच्या जांघेतील किंवा मांडीतील दुखणे थकवा समजून सोडू नये, असा त्याचा अर्थ.

मूल्यमापन

साथीच्या काळात सर्व शस्त्रक्रिया थांबवणे सोपे असते आणि सर्व चालू ठेवणे धोक्याचे. कोणती थांबेल व कोणती थांबणार नाही हे आधी ठरलेले असेल, तरच औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि किनाऱ्यावरील वृद्धा या दोघांनाही वेळेत उपचार मिळतात. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ व क्ष-किरण सोय, पुढे पाठवण्यासाठी रुग्णवाहिका, आणि राज्य व जिल्ह्याची सीमा ओलांडताना न अडणारा परवाना या तीन गोष्टी अशा परिसरात शस्त्रक्रियागृहाइतक्याच निर्णायक आहेत.